शेवटचे तीन दिवस

नागपुरात बर्डीच्या मेन रोडवर एका कापड दुकानावर लाल अक्षरांत फलक आहे: 'दुकान बंद करणे आहे. शेवटचे तीन दिवस.' मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा कॉलेजात होतो. पुढे ह्याच तीन दिवसांत माझ्या लग्नातला सफारी झाला, पोरीचा पहिला फ्रॉक झाला, सासऱ्यांच्या तेरवीचे कपडे झाले. उन्हापावसाने कापड विटलं की मालक नवा फलक करून घेतो, मजकुराला हात लावत नाही. एकदा न राहवून विचारलं, "भाऊ, खरंच बंद करून राहिले का?" गल्ल्यातून मान वर न काढता तो म्हणाला, "पाहू ना जी. एवढी दिवाळी जाऊ द्या."

ह्या संस्कारात वाढलेल्या माणसाला 'फायनल' ह्या शब्दाचं काय कौतुक असणार? १७ मे २०२५ ला टॉम क्रूझच्या हेरपटांच्या मालिकेतला आठवा, 'मिशन: इम्पॉसिबल – द फायनल रेकनिंग', आपल्याकडे लागला, अमेरिकेच्याही सहा दिवस आधी. भाचा दारात येऊन उभा. "मामाजी, चालता का? शेवटचा आहे म्हणते."

"कोण म्हणते?"

"पोस्टर."

गेलो. मे महिन्यात नागपुरात भर दुपारी २ तास ४९ मिनिटं एसीत बसायला मिळत असेल तर पडद्यावर काय चाललंय हा प्रश्न तसा मागाहूनचा. बायको म्हणाली, "अहो, शाल घेऊन जा." मे महिन्यात, नागपुरात, शाल! आणि मध्यंतराच्या आत ती मी पांघरलीही.

ह्या मालिकेशी माझं जुनं नातं आहे. पहिला सिनेमा १९९६चा. टॉम क्रूझ तेव्हा तेहेतीस वर्षांचा होता आणि मी नुकताच नोकरीला चिकटलो होतो. सदरमधल्या एका टॉकीजमध्ये पाहिला, खुर्चीच्या फोममध्ये बोटं खुपसून. त्यातला तो प्रसंग कोण विसरेल? सीआयएच्या मुख्यालयातली पांढरीशुभ्र खोली. आवाज झाला तर अलार्म, जमिनीला पाय लागला तर अलार्म, खोलीचं तापमान वाढलं तरी अलार्म. इथन हंट, म्हणजे आपला टॉम क्रूझ, छतातून दोरीने लटकत खाली येतो आणि चष्म्याच्या काचेवरून घाम ओघळतो. थेंब पडणार तोच तो तळहातावर झेलतो. अख्ख्या टॉकीजने श्वास रोखला होता. माझ्या शेजारी बसलेला मित्र मात्र कुजबुजला, "मुंबई असती तं गेला असता बे हा. नागपूर असतं तं घाम थेंब व्हायच्या आतच वाळला असता." शास्त्रशुद्ध बोलला होता. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम टपकत नाही, शर्टावर मिठाचे नकाशे काढून जातो. अर्थात तापमानाचा अलार्म आमच्याकडे मार्चमध्येच वाजला असता, तो वेगळा मुद्दा.

पुढच्या भागांना मी इमानाने गेलो. २०११च्या भागात तो बुर्ज खलिफाला पालीसारखा चिकटला, २०१५मध्ये उडत्या मालवाहू विमानाला बाहेरून लोंबकळला. २०१७ साली लंडनमध्ये शूटिंग चालू असताना एका छतावरून दुसऱ्या छतावर उडी मारताना त्याचा घोटा मोडला. ती उडी पुढच्या वर्षीच्या सिनेमात तशीच ठेवली आहे. मोडक्या पायाने तो गडी वर चढतो आणि लंगडत चौकटीबाहेर जातो. मला ह्या साऱ्या मालिकेत ती लंगड सगळ्यात आवडते, कारण तेवढी एकच गोष्ट मलाही जमते.

आणि ती धून. आमचे शेजारी तबला शिकवतात. त्यांच्या अंगणात एकदा मी ती सहज टेबलावर ठोकली तर त्यांनी हात धरला. "थांबा हो. दहा मात्रा आहेत ना ह्या?" मोजल्या. दोन लांब, दोन आखूड. तीन, तीन, दोन, दोन. आपला झपताल दोन, तीन, दोन, तीन. "मात्रा झपतालाच्याच आहेत," काका म्हणाले, "विभाग तेवढे सरकवले ह्या बाबाने." बाबाचं नाव लालो शिफ्रिन, मूळचा अर्जेंटिनाचा. ही धून त्याने सिनेमासाठी केलेलीच नाही. १९६६ साली अमेरिकेत त्याच नावाची टीव्ही मालिका सुरू झाली, तिच्यासाठी केली होती. आठवा सिनेमा लागल्यावर चाळीस दिवसांनी, ९३व्या वर्षी तो गेला. त्या संध्याकाळी काकांनी ती दहा मात्रांची भानगड तबल्यावर वाजवली. एका पोराने विचारलं, "सर, हा कोणता कायदा?" काका म्हणाले, "मिशनचा."

तर असं आमचं प्रेम. तरी आठवा पाहताना मी तासाभरात घड्याळ पाहिलं. पहिला भाग दोन तासांच्या आत आटोपला होता, हा तीन तासांना टेकला. पहिला एक तास तर लग्नात जुनी मावशी भेटावी तसा. "तू ओळखलं नाही का मले? अरे, त्या तिसऱ्या भागात नाही का, ते सशाच्या पायाचं लफडं..." जुनी क्लिप दाखवायची, मग माणूस दाखवायचा, मग पुन्हा क्लिप.

पण माझी मुख्य तक्रार खलनायकाबद्दल आहे, आणि ती नागपूरकराचीच असू शकते. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे इडापिडेच्या बाईरूपी पुतळ्याची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. दोघी इतवारीत भेटतात तेव्हा मुंगीलाही पाय ठेवायला जागा नसते. त्यांची रूपं ठरलेली. त्यांच्यासोबत निघणारे बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, मात्र दर वर्षी नवे. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, दहशतवादाचा, त्या वर्षी लोक ज्याच्यावर खार खाऊन असतील त्याचा. बांबूच्या कामट्या, वर कागद, डोळे बटाट्याएवढे, गळ्यात पाटी. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणायचं, गावाबाहेर नेऊन जाळायचं आणि घरी येऊन जेवायचं. पुढच्या वर्षी पुन्हा. "मागच्या वर्षीच तर जाळली, आता कायले?" असं कोणी विचारत नाही.

हेरपटही ह्याच चालीने चालतात असं माझं मत आहे. हिरो म्हणजे मारबत, ठरलेली. बडग्या बदलत राहतो. इथनच्या वाट्याला पहिल्यांदा घरचाच भेदी आला, मग विषाणू चोरणारा, मग शस्त्रांचा व्यापारी, मग अणुयुद्ध झालंच पाहिजे म्हणणारा एक विद्वान. प्रत्येकाला तोंड होतं, तोंडावर ठोसा बसत होता. शेवटच्या दोन भागांत मात्र शत्रू कोण, तर कृत्रिम बुद्धिमत्ता. सगळीकडे आहे आणि कुठेच नाही. तिच्या वतीने वावरणारा एक माणूस ठेवलाय, पण तो पडला दलाल, आणि दलालाला मारून मालकाचं काय जातं? ह्याचा बडग्या करायचा तर कामट्यांवर काय चिकटवायचं? राऊटर?

भाचा म्हणाला, "मामाजी, आजचा खरा व्हिलन तोच आहे." असेल बापा. पण जाळायला काही पाहिजे ना.

मरणाचं तर ह्या लोकांनी हसंच करून ठेवलं आहे. बाँडला २०२१ साली त्याच्या पंचविसाव्या सिनेमात क्षेपणास्त्रांनी उडवला आणि नामावलीच्या शेवटी पाटी टाकली की तो परत येईल. आपला सलमान त्याहून सरळ. २०१२ साली 'एक था टायगर', २०१७ साली 'टायगर जिंदा है'. 'था' म्हणून पाच वर्षं निघून गेली, आमची तेरवी जेवायची राहिली.

आता हे सगळं म्हटल्यावर नववा भाग नको असंच मी म्हणायला पाहिजे, आणि टॉकीजच्या पायऱ्या उतरेपर्यंत म्हणतही होतो. पण एक माणूस डोक्यातून जाईना. विल्यम डन्लो.

१९९६च्या त्या पांढऱ्या खोलीत बसणारा कारकून तो हा. त्याच्या कॉफीत काहीतरी टाकतात, बिचारा ओकायला पळतो, तेवढ्यात वरून इथन उतरतो आणि हेरांच्या नावांची यादी चोरून नेतो. डन्लो परत येतो तर टेबलात सुरा रुतलेला. सगळं बाहेर आल्यावर वरिष्ठ फर्मावतात, ह्याला आजच्या आज अलास्कात रडारवर बसवा. सिनेमा पुढे निघून जातो, टॉकीज हसतं, डन्लो संपला.

मी तेव्हाही फारसं हसलो नव्हतो. सरकारी नोकरीत होतो ना. अलास्का म्हणजे काय हे आम्हाला भूगोलातून शिकावं लागत नाही. आमचं अलास्का सिरोंचा, गडचिरोलीच्या पार दक्षिण टोकाला.

आठव्या भागात तो माणूस परत येतो. तोच नट, रॉल्फ सॅक्सन, एकोणतीस वर्षांनी म्हातारा झालेला. बेरिंग समुद्रातल्या एका बेटावर राहतोय, तिथलीच बायको केली आहे. इथन त्याच्यापुढे ओशाळतो. आणि ह्याची तक्रारच नाही. अलास्काला पाठवलं म्हणून तर ही भेटली, म्हणतो. विमानं, पाणबुडी, स्फोट, सगळं एकीकडे. माझ्या शालीचं टोक तिथे ओलं झालं.

त्याला कारण आहे. आमच्या कचेरीत, नव्वदच्या दशकात, खिडकीला एक पत्र्याचा कूलर होता. त्याच्या स्टँडचा एक पाय आखूड. सुरू केला की अख्खा सेक्शन थडथडायचा, टायपिस्टबाईंच्या ओळी वाकड्या जायच्या. एका एप्रिलात मी कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून एक बरी जाड फाइल काढली, दुमडली आणि त्या पायाखाली सरकवली. कूलर गप्प झाला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, बडे बाबूंनीसुद्धा.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं. तारांकित प्रश्न आला. ती फाइल पाहिजे. कपाटं उलटी झाली, रात्री दहापर्यंत शोधाशोध झाली. कूलर तेव्हा ताडपत्रीत गुंडाळलेला, थंडीत त्याच्याकडे कोण बघतो? मला खरंच आठवलं नाही, हे मी त्या काळी स्वतःला सांगत असे. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या डब्यासमोर आठवलं. तोवर साहेबांनी बडे बाबूंना बोलावून घेतलं होतं. आठवड्यात बदलीचा आदेश निघाला, सिरोंचा. आम्ही त्यांना शाल-श्रीफळ दिलं. माझं भाषण झालं, चांगलं झालं म्हणाले लोक. मार्चमध्ये कूलरची घास बदलायला माणूस येण्याआधी मी एक दिवस लवकर गेलो, फाइल काढली, उन्हात वाळवली आणि कपाटाच्या मागच्या फटीत टाकली. तिथे ती यथावकाश 'सापडली'.

बडे बाबूंनी परत येण्यासाठी अर्ज केला नाही. आलापल्लीच्या जंगलातून पार तेलंगणाच्या काठापर्यंत जाणारी ती बस, तिच्यात बसून ते गेले ते गेलेच. प्राणहितेच्या काठी भाड्याने राहिले, मग घर बांधलं, पोरं तेलुगू बोलायला लागली, अशा बातम्या येत गेल्या. मी विचारत नसे, लोक सांगत असत.

तर नववा यावा का? टॉम क्रूझने ह्या वयात पुन्हा विमानाच्या पंखाला लटकावं अशी माझी इच्छा नाही, त्याच्या आईबापांनीही केली नसती. त्याचं काय व्हायचं ते आठ वेळा झालं. मला त्याच्या पायाखाली आलेल्यांचं पुढचं पाहायचं आहे. ज्याच्या गाडीवर मोटारसायकल आदळली तो टॅक्सीवाला, ज्याचं फळांचं दुकान पाठलागात उधळलं तो, बेशुद्ध करून ज्याचा गणवेश पळवला तो पहारेकरी. बिचाऱ्याला घरी चड्डीवर जावं लागलं असेल. ह्यांचे भाग काढा. मी शाल घेऊन येतो.

भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मामाजी, चालणार नाही. कोण पाहते?"

त्या रात्री जुन्या ऑफिसातल्या एकाकडून नंबर घेतला. तीन दिवस ठेवला खिशात. चौथ्या दिवशी लावला. पलीकडे एका बाईने तेलुगूत काहीतरी विचारलं, मग खोकत खोकत बडे बाबू आले. मी नाव सांगितलं. थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मी घसा साफ केला, कुठून सुरुवात करावी ते जुळवून ठेवलं होतं, तेवढ्यात तेच बोलले.

"अरे, तू का! आता हलत नाही ना रे तो कूलर?"