तोंड उघडून बघा, एवढंच म्हणत होते

चिंगीची लाळ गळायला लागली तेव्हा पहिले दोन दिवस मी कौतुकच केलं. मांडीवर घुरघुरताना काही मांजरांची लाळ गळतेच. पण ही एकटी बसलेली असतानाही हनुवटीखालचे केस भिजून त्यांच्या बारीक वाती झालेल्या, आणि तोंडाला असा वास की जवळ घेववेना. खरी शंका आली ती जेवताना. भुकेने धावत वाटीपाशी यायची, एक दाणा उचलायची, मान वाकडी करायची, दाणा टाकून द्यायची आणि वाटीवरच फिस्कारायची. वाटीनेच चावा घेतल्यासारखी.

दवाखान्यात ओठ जरा बाजूला करून पुढचे दात पाहिले. "दात छान आहेत, मळमळतंय तिला." सिरप मिळालं. सिरप कडू, आणि कडू काही तोंडात गेलं की मांजर फेस काढतं, हे मला कुठे ठाऊक! लाळेवरच्या औषधानेच लाळ दुप्पट झाली, मी घाबरून परत तिथेच. या खेपेला इंजेक्शन. चार दिवस बाई खुशाल जेवल्या. पाचव्या दिवशी उशीवर पुन्हा ओला डाग. पुन्हा इंजेक्शन. तिसऱ्या वेळी मी विचारलं, हे आहे तरी काय? स्टिरॉइड. म्हणजे सूज दबते, दुखणं झाकलं जातं आणि मूळ कारण जागच्या जागी. मी म्हटलं, एकदा तोंड आतपर्यंत उघडून बघाल का? "चावते हो ती!" अहो, दुखतंय म्हणूनच चावते ना! "पुढच्या आठवड्यात बघू." हा पुढचा आठवडा तीनदा आला. एकवीस दिवस. चार किलोंची मांजर साडेतीनवर आली आणि मी निमूटपणे पावत्या फाईलला लावत बसले. राग त्यांचा येतो, त्याहून जास्त माझा.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. भुलीसाठी ते लागतंच, शिवाय मूत्रपिंडं बिघडली की तोंडात व्रण होऊन लाळ गळते, तेही बघायचं होतं. मग भूल देऊन तोंड उघडलं आणि दातांचे एक्स-रे काढले. खालच्या एका दाढेवर हिरडीचा लालभडक तुकडा चढला होता. वरून एवढंच, एक्स-रेत मात्र मूळ अर्धं विरघळलेलं. शेजारच्या दाढेचंही तेच. शरीरातल्याच पेशी दात खात जातात, मांजरांमध्ये हे सर्रास आढळतं. का होतं ते अजून नक्की उलगडलेलं नाही, तेव्हा "तू ब्रश केला नाहीस" म्हणणाऱ्यांना मी हल्ली उत्तर देत नाही. तीस दातांपैकी दोन गेले.

जेवतानाचा व्हिडिओ घेऊन जा, हे आधीच सांगायला हवं होतं. दवाखान्यात मांजर दगडासारखी बसते, काही दाखवत नाही. माझा वीस सेकंदांचा व्हिडिओ पाहूनच नवे डॉक्टर म्हणाले, "दाढ." जिभेखाली दोरा अडकलेला दिसला तर ओढू नका, दुसरं टोक आतड्यात असू शकतं आणि ओढल्याने आतडं कापलं जातं. घरातलं पॅरासिटामॉल तर अजिबात नाही, मांजराला ते विष आहे. लाळ एकाएकी सुरू झाली असेल तर लिलीचं फूल चावलं का किंवा कुत्र्याचं गोचिडांचं औषध अंगाला लागलं का ते आठवून बघा, दोन्ही मांजराला विषारी, आणि तसाच दवाखाना गाठा. आणि मांजर दिवसभर काहीच खात नसेल तर माझ्यासारखी पुढच्या आठवड्याची वाट बघू नका; उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते, तो वेगळाच आजार होऊन बसतो.

मऊ खाणं दोन आठवडे द्यायचं होतं. तिसऱ्याच दिवशी चिंगीने कोरड्या दाण्यांची पिशवी फाडली. जुन्या दवाखान्याचा मेसेज अजून येतो, पुढचं इंजेक्शन राहिलंय म्हणून.