तुम्ही विचारलंत म्हणून: घरबसल्या मिळतं, मग अदलाबदलीला कशाला जाता?

ऑफिसातले विचारतात, शेजारचे विचारतात, आणि परवा धाकट्या भावाने फोनवर अगदी काळजीने विचारलं, "ताई, जुनी सबुटिओ टीम मोबाइलवरून मागवता येते. मग रविवारी टीमांचे डबे घेऊन फोंड्याहून मडगावला अदलाबदलीला का जातेस?"

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. सबुटिओ हा टेबलावरचा फुटबॉल, पण दांड्यांना अडकवलेल्या खेळाडूंचा नव्हे. यात प्रत्येक खेळाडू सुटा असतो आणि खालून गोलसर, जड अशा बेसवर उभा असतो. हिरव्या कापडाच्या मैदानावर त्याला नखाने टिचकी मारायची आणि त्याने जाऊन चेंडूला लागायचं. एकच खेळाडू सलग तीनदा चेंडूला शिवू शकतो, मग दुसऱ्याला पुढे आणावं लागतं. टिचकी हुकली की चेंडू समोरच्याचा. पीटर अ‍ॅडॉल्फ या इंग्रज गृहस्थाने केंटमध्ये हा खेळ काढला आणि १९४७ मध्ये पहिले संच लोकांच्या हाती पडले. त्यात खेळाडू पुठ्ठ्याचे होते, बेस म्हणजे बटण आणि त्याला वजनासाठी वॉशर. मैदान नव्हतंच. एक खडू मिळायचा, घरातल्या लष्करी ब्लँकेटवर रेघा आपण ओढायच्या. महायुद्ध नुकतंच संपलेलं, तशी ब्लँकेटं तिकडे पुष्कळ होती.

आमच्या वाड्यावर हा खेळ आला तो तारवटींच्या, म्हणजे खलाशांच्या पेट्यांतून. बोटीवर नोकरीला असलेला शेजारचा एक काका सुट्टीवर येताना हिरव्या खोक्यातला संच घेऊन आला. तोवर आम्ही कॅरमबोर्डावर शर्टाची बटणं उडवून फुटबॉल खेळायचो. (ब्राझीलमध्ये याच बटणांच्या खेळाचे नियम जेराल्दो देकूर्त यांनी १९३० मध्ये छापले होते, हे मला फार उशिरा कळलं आणि फार बरं वाटलं.)

आता अदलाबदलीचं. आम्ही जेमतेम वीसेक माणसं, मडगावात एकाच्या घराच्या तळमजल्यावर जमतो. सकाळी पातळभाजी-पाव होतो, मग डबे उघडतात. पैशांचा व्यवहार क्वचित. एक दंडक मात्र सगळे पाळतात. कोणीही टीमचे भाव बोलायला लागला की आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ, ज्यांना आम्ही मानाने 'बाब' म्हणतो, कोंकणीत म्हणतात, "आदीं खेळून पळय," म्हणजे आधी खेळून बघ. कापड अंथरलेलंच असतं. दोन-चार टिचक्या मारायच्या आणि मगच बोलायचं.

भावाला माझं उत्तर तिथेच आहे. फोटोत खेळाडू दिसतो, पण तो कसा सरकतो ते दिसत नाही. जुन्या खेळाडूचं सगळ्यांत नाजूक हाड म्हणजे घोटा. कोणाचा गुडघा किंवा पाय पडला की तो तिथेच मोडतो. मग घाईत झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब टाकून त्याला परत उभा केला जातो. समोरून फोटो काढला तर कळतही नाही. पण हातात घेऊन उलटा करा. घोट्याशी पिवळट गाठ दिसते, खेळाडू शेजारच्यापेक्षा दाण्याएवढा बुटका असतो. टिचकी मारलीत तर सरळ जायच्या ऐवजी गिरकी घेऊन थांबतो, कारण गोंद एका बाजूला जास्त आहे. असे दोन खेळाडू टीममध्ये असले तरी चालतं, पण ते आधी माहीत हवेत. आपल्याकडच्या हवेत आणखी एक भर पडते. पावसाळ्यात खोक्यांना बुरशी येते, कसर पुठ्ठा खाते, आणि समुद्राजवळच्या घरांतले तारेचे गोलपोस्ट गंजून कापडावर डाग पाडतात.

आणि रंग! १९६१ पासून प्लास्टिकचे, अंगापिंडाचे खेळाडू आले. ते हाताने रंगवलेले असायचे, आणि रंगवायच्या केंटकडच्या बायका, आपापल्या घरी बसून. म्हणून एकाच टीममधल्या दोघांच्या मोज्यांच्या पट्ट्या सारख्या नसतात, एखाद्याचा भांग जरा पुढे आलेला असतो. १९६८ मध्ये वॉडिंग्टन्स या खेळ बनवणाऱ्या इंग्रज कंपनीने अ‍ॅडॉल्फची कंपनी घेतली आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी यंत्राने रंगवलेले खेळाडू आले. संग्राहक त्यांना झॉम्बी म्हणतात. मला ते आवडत नाहीत. मी हाताच्या रंगाची एक टीम भिंगाखाली धरून अर्धा तास बघू शकते, आणि अशी टीम टेबलावर असली की आजूबाजूचे चार जण आपापली भिंगं काढतात. मोबाइलवर हे कसं व्हायचं?

गेल्या खेपेला एकाने साळगावकर या गोव्याच्या फुटबॉल क्लबची टीम आणली होती. अशी टीम दुकानात कधी मिळालीच नाही. त्याने एक घासलेली, रंग उडालेली जुनी टीम घेऊन साळगावकरच्या हिरव्या रंगात स्वतः रंगवली होती. २०१०-११ ची आय-लीग ही देशपातळीवरची फुटबॉल लीग जिंकलेला हा क्लब २०१६ मध्ये त्या लीगमधून बाहेर पडला, तेव्हापासून ती जर्सी देशभरच्या मैदानांवर दिसत नाही. काहींचं म्हणणं, मूळ रंगावर रंग चढवला की टीमची किंमत गेली. मला ते अजिबात पटत नाही. फुटबॉल हा ज्या राज्याचा राज्यखेळ आहे, तिथल्या टेबलावर इथला क्लब असायलाच हवा. मी माझ्याकडचे चांगले, न मोडलेले दोन गोलपोस्ट देऊन ती टीम मागितली. त्याने आधी दोन डाव खेळायला लावले आणि मगच दिली. एका खेळाडूचा घोटा चिकटवलेला आहे हेही त्याने स्वतःच दाखवलं.

तेव्हा तुमच्या माळ्यावर असं खोकं असेल तर ते जरूर काढा. मोडलेला पाय सापडला तर तो कागदाच्या पुडीत जपून ठेवा आणि घरी गोंद लावू नका, ते काम आमच्यातल्या एका बाबांचा हात फार छान करतो. कापडाला घड्या पडल्या असतील तर उलट्या बाजूने, मंद इस्त्रीने काढा. बेसना फर्निचरचं पॉलिश थोडंसं चोळलंत की खेळाडू पुन्हा सरकू लागतात. मुलं असतील तर त्यांनाही आणा, टेबलावर समोरच्या बाजूला कायम एक जागा रिकामी असते.