ट्रिमाउंटनच्या तीन टेकड्या

जुने नकाशे आजच्या नकाशावर बसवणं हे माझं रोजचं काम. अमेरिकेतल्या बॉस्टनचा जॉन बोनरचा 1722 चा नकाशा हाती आला, तेव्हा किनाऱ्यावर एकही कंट्रोल पॉइंट (दोन्ही नकाशांत जुळवायची पक्की खूण) घ्यायचा नाही हे आधीच ठरवलं. तो किनारा भरावाखाली केव्हाच गेलाय. टाउन हाऊस आणि जुन्या दफनभूमी धरल्या, नकाशा बऱ्यापैकी बसला. अडलं ते नावापाशी.

मूळ रहिवाशांचं शॉमट, त्याला इंग्रज वसाहतवाले आधी ट्रिमाउंटन म्हणायचे, म्हणजे तीन टेकड्यांचं ठिकाण. 7 सप्टेंबर 1630 ला चार्ल्सटाऊनच्या कोर्टाने, म्हणजे वसाहतीच्या कारभारी सभेने, ते बदलून इंग्लंडातल्या गावावरून बॉस्टन केलं. (त्याच हुकुमात मॅटापानचं डॉर्चेस्टर झालं. घरची आठवण, दुसरं काय!) या तीन टेकड्या आम्हाला नकाशाच्या एका लेयरमध्ये, म्हणजे थरात, दाखवायच्या होत्या. टीममधल्या मुलीने कॉप्स हिल, फोर्ट हिल आणि बीकन हिलवर खुणा केल्या. मला पटेना. त्या वसाहतीचं वर्णन करणाऱ्या विल्यम वुडने 1634 मध्ये स्वच्छ लिहून ठेवलंय की गावाच्या वायव्येला एक उंच डोंगर आहे, त्याच्या माथ्यावर तीन छोटे उंचवटे, म्हणून हे नाव. म्हणजे तिन्ही एकाच डोंगरावर हवेत.

"पण सर, कंटूरमध्ये, उंचीच्या रेषांत, तिथे एकच फुगवटा दिसतोय. बाकीचे दोन गेले कुठे?"

शोधायला बसलो. त्या डोंगराचे तीन माथे म्हणजे माउंट व्हर्नन, बीकन हिल आणि पेम्बर्टन हिल. माउंट व्हर्नन 1799 पासून कापायला घेतला, माती रुळांवरच्या गाड्यांतून उतारावरून थेट चार्ल्स नदीकाठी. मग बीकन हिलचा माथा, सुमारे 60 फूट, मिल पॉन्ड नावाच्या तळ्यामध्ये. 1835 मध्ये पेम्बर्टन हिलही कापली.

बोनरच्या नकाशातला मिल पॉन्ड मी अर्धपारदर्शक करून आजच्या रस्त्यांवर टाकला. बुलफिंच ट्रँगल नावाचा त्रिकोणी भाग बरोबर त्या तळ्याच्या पोटात! किनाऱ्यालगत जी जास्तीची जमीन मी सकाळपासून टाळत होतो, तिच्यातली बरीच माती याच टेकड्यांची होती. आम्ही तिन्ही माथ्यांचे बिंदू अंदाजे जागी ठेवले आणि कापल्याचा काळ शेजारच्या रकान्यात भरला.

क्लायंटला नावाचं एकच स्पेलिंग हवं होतं. मी ट्रिमाउंटन, ट्रामाउंट आणि ट्रेमाँट तिन्ही ठेवली. शेवटचं तर आजही तिथल्या रस्त्याच्या पाटीवर आहे, ते काढणार कसं?