४४ अंशांतली ऐट

उन्हाळा लागला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून पुरुषांना कपड्यांचा सल्ला सुरू होतो. अर्ध्या बाह्या घाला, पँट घोट्याच्या वर ठेवा, मोज्यांना सुट्टी द्या, शॉर्ट्स आता ऑफिसातही चालतात. सल्ला देणारा मुंबईचा आहे हे दुसऱ्या ओळीतच कळतं. त्याची सगळी धडपड घाम वाळवण्याची असते. आमच्या परभणीत मे महिन्यात दुपारी दोन वाजता तो प्रश्नच येत नाही. घाम निघतो कधी आणि उडून जातो कधी, अंगाला पत्ता लागत नाही. संध्याकाळी काळा टी-शर्ट काढला की पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे दिसतात, तेव्हा कळतं की दिवसभरात बराच गेला.

कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो, म्हणून पंखा गोड लागतो. हवा ४४ वर गेली की वाऱ्याचा व्यवहार उलटा होतो, तो अंगात उष्णता आणून टाकतो. हीच झळ. मोटारसायकलवर वसमत रोडनं निघालेला माणूस ती लागू नये म्हणून बाह्या मनगटापर्यंत ओढतो, कान बांधतो, नाकावरून रुमाल घेतो. अंग उघडं टाकणं हा दमट हवेतला उपाय झाला. कोरड्या उन्हात अंग झाकायचं असतं, फक्त झाकणाच्या आत हवा खेळती हवी. सगळी गोम त्या ‘फक्त’मध्ये आहे.

हवामान खात्याचा तापमापक कुठं ठेवलेला असतो ते एकदा पाहावं. लाकडी पेटी, पांढरा रंग, चारी बाजूंना तिरप्या पट्ट्यांचे झरोके, वर दुहेरी छप्पर, आणि जमिनीपासून सव्वा मीटरभर उंची. स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात तिला. ऊन आत शिरत नाही, वारा अडत नाही. म्हणजे बातम्यांत जो ४४ चा आकडा येतो तो सावलीत, ऐसपैस कपड्यात उभ्या असलेल्या पाऱ्याचा असतो. भर उन्हात डांबरावर उभ्या असलेल्या माणसाचा आकडा कुणी सांगत नाही. मला विचाराल तर मे महिन्यात अख्ख्या जिल्ह्यात सगळ्यात चांगले कपडे त्या पेटीने घातलेले असतात.

तिच्या खालोखाल आमच्या आजोबांच्या पिढीने. धोतर, पोटात सैल असा लांब बाह्यांचा नेहरू शर्ट, डोक्याला पटका, खांद्यावर उपरणं, पायांत चामड्याच्या वहाणा. पावलागणिक धोतराच्या निऱ्या हलायच्या, हवा आत-बाहेर व्हायची. पटक्याच्या घड्यांत हवा धरलेली, त्यामुळे ऊन टाळूपर्यंत पोचायला वेळ लागे. तहान लागली तर त्याच उपरण्याने पाणी गाळून घ्यायचं, झोप आली तर तेच लिंबाखाली अंथरायचं. आणि ह्यात ऐट नव्हती असं कुणी म्हणू नये. बाजाराच्या दिवशी जिंतूरला निघालेला म्हातारा धोतराचा सोगा ज्या पद्धतीने दोन बोटांत धरायचा, तसा आजच्या एकाही पोराला मोबाइलसुद्धा धरता येत नाही. खळ दिलेलं, कडक केलेलं धोतर मात्र त्यातले जाणते लोक दिवाळीला नेसत. खळ वारा अडवते.

मग अडचण काय? आजोबांचं घ्यावं आणि मोकळं व्हावं. अडचण अशी की मराठवाड्यात कपडा आधी ओळख सांगतो, हवेचं काम नंतर करतो. पांढरा सुती शर्ट आणि पांढरी पँट घालून घराबाहेर पडून बघा. कोपऱ्यावरचा पानटपरीवाला चुना लावता लावता हसणार, “काय साहेब, औंदा झेडपीला उभं राहायलाव का?” पुढच्या चौकात एखादा अनोळखी माणूस रेशन कार्डाचं काम सांगणार. बिनकॉलरचा लांब सदरा घातला की, “कीर्तन कुठंय आज?” धोतराचं तर नावच काढायला नको. बरमुडा घालून माणूस दुधाची पिशवी आणायला जातो आणि वाटेत सासरचं कुणी भेटलं तर गल्ली बदलतो. उरते ती जीन्स आणि टी-शर्ट. जीन्सचं कापड चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या आसपास भरतं, उन्हाळी शर्टाचं सव्वाशे-दीडशे. त्या जीन्सला हल्ली ताणणारा धागा घालून मांडीला चिकटवलेलं असतं, म्हणजे झरोके बंद. पण ती घातली की कुणी काही विचारत नाही. न विचारलं जाण्यासाठी आमची तरुण पोरं मे महिनाभर मांड्या शिजवून घेतात.

टापटिपीचं आम्हाला वावडं आहे असंही नाही. एकट्या लातूर जिल्ह्याने विलासराव देशमुख आणि शिवराज पाटील चाकूरकर असे दोन नेते दिले, आणि दोघांच्याही कपड्यांबद्दल लोक बोलत. चाकूरकरांच्या कपड्यांची दखल तर दिल्लीच्या पत्रकारांनी घेतली, ती मात्र कौतुकाने नव्हे. आमच्याकडे पुढाऱ्याने नीटनेटकं असलं की रुबाब म्हणतात. तेच मास्तरने किंवा बँकेच्या क्लार्कने केलं की “लै हिरो झालाय” म्हणतात.

पांढऱ्याची आणखी एक बाजू आहे. पांढऱ्याला पाणी लागतं. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, चार धुण्यांत शर्ट पिवळट पडतो, मग नीळ घाला, परत खळबळा, परत पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं होतं. अशा दिवसांत पांढराशुभ्र लेंगा-शर्ट घालून फिरणारा माणूस काही न बोलता सांगत असतो की आपल्या घरी पाण्याची सोय आहे. त्याला लोक पुढारी समजले तर लोकांचं फारसं चुकलं म्हणता येत नाही.

म्हणून मी पांढऱ्याचा हट्ट सोडून दिला आहे आणि त्याला शास्त्राचा आधारही आहे. १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. वाळवंटातले बेदुइन लोक काळे झगे का घालतात, असा प्रश्न. नेगेव्हच्या वाळवंटात, पारा ३५ ते ४६ असताना, एका माणसाला कधी काळा झगा, कधी पांढरा झगा, कधी लष्करी गणवेश, तर कधी नुसती चड्डी घालून उन्हात उभं केलं. काळं कापड अर्थातच जास्त तापलं. पण झगा सैल होता, त्यामुळे जास्तीची उष्णता कातडीपर्यंत पोचायच्या आतच निघून गेली, आणि काळ्या-पांढऱ्या झग्यांतल्या अंगांना मिळालेली उष्णता सारखीच निघाली. याचा अर्थ उद्यापासून काळा सदरा शिवून घ्यावा असा नाही. सैलपणा असेल तर रंगाची एवढी काळजी नको, इतकाच. मग बिस्किटी चालतो, राखी चालतो, धुरकट निळा चालतो. मला स्वतःला न धुवट केलेल्या मांजरपाटाचा मातकट रंग सगळ्यात देखणा वाटतो. धूळ बसली तरी त्याच रंगाची, आणि आमच्याकडे धुळीची वानवा नाही.

कापडाच्या बाबतीत मात्र मी अडून बसतो. साधारण हवेत सूत आपल्या वजनाच्या आठ टक्के ओल धरून ठेवतं, लिनन बारा टक्क्यांपर्यंत, आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पॉलिस्टर घाम पीत नाही आणि दाट विणीचं असेल तर वाराही जाऊ देत नाही. तरी ते आमच्या घराघरांत साचलेलं असतं, आहेरातून. लग्नात मानाच्या पाहुण्याला पँटपीस-शर्टपीस द्यायचा, चकचकीत खोक्यातला, हाताला गुळगुळीत लागणारा. तो सहसा कुणी शिवत नाही. वरची चिठ्ठी बदलून तो पुढच्या लग्नाला जातो. अशी खोकी जिल्हाभर फिरून मूळ मालकाकडे परत आल्याचे किस्से प्रत्येक घरात आहेत. त्यांचं न शिवलं जाणं हे समाजाच्या भल्याचंच आहे.

आणि हे सगळं कुठं, तर जिथं डोळा पोचेल तिथवर कापूस पिकतो त्या मुलखात. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने काढलेला एनएचएच ४४ हा संकरित वाण बीटी यायच्या आधी शेतोशेती असायचा. हा ४४ चा आकडा आमच्या कपाळावरच लिहिलेला दिसतो. निजामाच्या राजवटीत नांदेडला उस्मानशाही मिल उभी राहिली, तीही पुढे बंद पडली. आता कापसाच्या गाठी बाहेर जातात आणि पॉलिस्टरचे तागे आत येतात. एक गोष्ट मात्र टिकून आहे. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिरंगा तयार होतो आणि त्याचं कापड उदगीरला विणलं जातं. झेंड्याला आमची खादी चालते. आम्हाला मात्र ती दोन ऑक्टोबरलाच, सूट जाहीर झाल्यावर आठवते.

लिननचं तसंच. जाहिरातीतला गोरा गृहस्थ समुद्राकाठी लिननचा शर्ट घालून बसलेला असतो, म्हणून ते परदेशी वाटतं. ते निघतं जवसाच्या खोडापासून. भाकरीबरोबर चटणी खातो तेच जवस. तेलाचे वाण वेगळे, धाग्याचे वेगळे, पण झाड एकच. लिननचा एकच दोष आहे. ते चुरगळतं, आणि चुरगळण्यालाच त्याची शान म्हणतात असं दुकानदार सांगतो. ही शान आपल्याकडे अजून पोचलेली नाही. लिननचा शर्ट घालून कुणाच्या घरी गेलात की घरातली वडीलधारी बाई आधी पाणी देते, मग विचारते, “रात्रीच्या यष्टीनं आलाव का भाऊ?” खादीला निदान चुरगळायचा अधिकार आहे. खादी चुरगळली तर माणूस साधा वाटतो.

सगळ्या नियमांची माती होते ती लग्नसराईत. एप्रिल-मे हा आमचा लग्नाचा हंगाम, आणि मुहूर्त भर दुपारचा. नवरदेवाला भाड्याची शेरवानी, आतून अस्तर लावलेली, वर जरीच्या नावाखाली प्लास्टिकचा धागा. गळ्यात शेला, डोक्याला तयार फेटा, त्याला मुंडावळ्या. साडेबाराचा मुहूर्त मित्रांच्या नाचात दोनवर जातो. हे मित्र एकाच रंगाच्या ब्लेझरात असतात आणि जनरेटरच्या धुरात नाचतात. नवरदेव घोड्यावर बसून त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत असतो तिला लोक लाज समजतात. खरं तर त्याचं रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं. छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूची इथं आठवण येते. सूत आणि रेशीम एकत्र विणून केलेलं ते कापड निजामाच्या दरबाऱ्यांच्या शेरवान्यांना लागायचं. हिमरूची एक बिनबाह्यांची बंडी, खाली सुती कुर्ता आणि गोरज मुहूर्त, एवढ्यात नवरदेव नवरदेवासारखा दिसला असता आणि जेवायच्या पंगतीपर्यंत शुद्धीवरही राहिला असता. पण गोरज मुहूर्ताला मंगल कार्यालयवाला दिव्यांचे जास्तीचे पैसे लावतो.

ह्या प्रदेशात उन्हाळ्याचा पोशाख नीट सोडवला तो बायकांनी. स्कूटीवर निघालेली कुठलीही मुलगी बघा. पिवळसर-पांढरा सुती सनकोट, बोटांपर्यंत बाह्या, डोक्याभोवती स्कार्फ गुंडाळलेला, गॉगल. ऊन बाहेर, हवा आत. सनकोट काढला की आतले कपडे कोरे, केस जागेवर. शिवायला सोपा, किंमत दोन-तीनशे. हीच वस्तू पुरुषाने घातली तर काय होईल याचा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे. पुरुष त्याऐवजी दुकानाचं नाव छापलेला टॉवेल तोंडाला गुंडाळतो आणि त्याला मर्दानी समजतो.

गेल्या महिन्यात आमच्या मास्तरकडे कापड घेऊन गेलो. उदगीरची जाड खादी, मातकट. सांगितलं, बाह्या पूर्ण, खांदा अर्धा इंच उतरता, पोटात चार इंच सैल, कॉलर नको, बगलेत चौकळा घाला म्हणजे हात वर केला तरी ताण येणार नाही, आणि दोन्ही बाजूंना खाली चीर ठेवा. मास्तर पाटीवर लिहून घेत होते. मग मान वर न करता म्हणाले, “दादांचं माप जुनंच धरू का? बारीक झाले असतील आता.” म्हटलं, मास्तर, वडिलांसाठी नाही, माझ्यासाठी आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं, कापड चोळून पाहिलं, धागा ओढून पाहिला.

“मंग खिसा बाजूला खोल करतो,” ते म्हणाले. “उन्हाचं निघताना कांदा ठिवायला. वरच्या खिशात ठिवला की लै वंगाळ दिसतं.”