लिंक ॲग्रिगेशनची पूर्वतयारी : दुसरी केबल जोडण्याआधी

घरच्या लिनक्स सर्व्हरचे १ गिगाबिटचे दोन्ही पोर्ट एकत्र करून (हेच लिंक ॲग्रिगेशन) ८ पोर्टच्या मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणाऱ्या, नेटवर्क स्विचला जोडायचे, हे उन्हाळ्यापासून मनात होते. मात्र नागपूरच्या मे महिन्यात माळ्याखालच्या बंद कपाटात डोके घालण्याची हिंमत झाली नाही, त्यामुळे पाऊस लागल्यावरच काम हाती घेतले.

दोन केबल जोडल्या म्हणून एकच फाइल दुप्पट वेगाने जात नाही. पॅकेटांचा क्रम बिघडू नये म्हणून एका कनेक्शनची सगळी पॅकेटे एकाच केबलवरून जातात, आणि ती केबल कोणती हे पत्त्यांवरून गणिताने काढलेला आकडा, म्हणजे हॅश, ठरवतो. माझ्याकडे रात्री दोन लॅपटॉपांचे बॅकअप एकाच वेळी चालतात, म्हणून हा खटाटोप. सर्व्हरकडून निघणाऱ्या डेटाची वाटणी सर्व्हर करतो. तेथे बाँडिंगचा (लिनक्समधली पोर्ट एकत्र करण्याची सोय) मोड ४, म्हणजे एलएसीपीचा मोड, ठेवून हॅशसाठी आयपी पत्ता आणि पोर्ट क्रमांक (केबलचा नव्हे, सॉफ्टवेअरमधला) दोन्ही पाहणारे ‘लेयर ३+४’ धोरण निवडले आहे. बॅकअप मात्र सर्व्हरकडे येतो, म्हणजे त्याची वाटणी स्विचच्या हाती, आणि माझा स्विच फक्त मॅक (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता) व आयपी पत्ते पाहतो. दोन्ही लॅपटॉप एकाच केबलवर आले, तर एकाचा आयपी पत्ता बदलून पाहावा लागेल.

दोन्ही टोकांनी एकमेकांशी न बोलता हाताने ठरवलेला स्टॅटिक गट न करता एलएसीपी (लिंक ॲग्रिगेशन कंट्रोल प्रोटोकॉल) वापरणार आहे. २००० सालच्या ८०२.३एडी मानकातून आलेला आणि २००८ पासून ८०२.१एएक्समध्ये असलेला हा प्रोटोकॉल पलीकडच्या टोकाशी बोलून खात्री झाल्यावरच पोर्ट गटात घेतो, त्यामुळे चुकीच्या जागी खोचलेली केबल लगेच उघडी पडते.

केबल तपासताना बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारातून आणलेली नवी केबल निर्दोष निघाली, पण मी स्वतः क्रिंप केलेली (टोकाला कनेक्टर दाबून बसवलेली) जुनी १०० मेगाबिटवरच अडकली होती. कनेक्टर भिंगाखाली धरला, तेव्हा तपकिरी तार पिनेपर्यंत पोहोचलीच नसल्याचे दिसले. १०० मेगाबिटला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. वेग वेगळा असलेला पोर्ट गटात आलाच नसता आणि मी सेटिंग चाळत बसलो असतो. टोक कापून पुन्हा क्रिंप केले, आता १ गिगाबिट दिसते.

स्विचच्या कॉन्फिगरेशनची प्रत घेतली आहे. सेटिंग करायचा लॅपटॉप गटाबाहेरच्या ८ व्या पोर्टवर आहे, गटाच्या ५ आणि ६ या पोर्टांचे व्हीलॅन (एकाच स्विचवरचे वेगळे आभासी नेटवर्क) सारखे केले आहेत आणि स्पॅनिंग ट्री (केबलींचे वर्तुळ झाल्यास एक वाट बंद करणारी सोय) चालू ठेवला आहे. दोन्ही टोकांची सेटिंग पूर्ण होईपर्यंत दुसरी केबल लोंबकळतच राहील.