खाली कोणी राहत नाही

नवी मुंबईत लीकेज म्हणजे भांडण. वरच्याच्या बाथरूमचं पाणी खालच्याच्या छतात, खालच्याचा अर्ज सोसायटीत आणि सेक्रेटरी बिचारा दोन्हीकडून बोलणी खाणारा. सिडकोच्या जुन्या इमारतीत राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. बोटीवर मात्र खाली कोणी राहत नाही. खाली नुसतं पाणी, आणि तेच वर यायला टपलेलं.

बेलापूरच्या खाडीत माझ्या एका मित्राची जुनी शिडाची बोट आहे. आयुष्य मर्चंट नेव्हीत गेलं, तरी रिटायर झाल्यावरही गड्याला पाणी सुटत नाही. तर या बोटीतला हातपंपाचा कमोड गळायला लागला. प्लंबर आला, वाकून बघितलं, "साहेब, फ्लशची टाकी कुठाय?" म्हणाला आणि गेला. टाकी नसतेच. भांड्याशेजारी उभा पंप असतो. त्याचा दांडा वरखाली केला की खाडीचं पाणी आत येतं आणि त्याच दांड्याने घाण बाहेर जाते. छोटी खिट्टी फिरवली की पाणी यायचं थांबतं, उपसा चालू राहतो.

पंप खोलण्याआधी तळाचे सीकॉक, म्हणजे बोटीच्या अंगातून बाहेर जाणारे व्हॉल्व्ह, बंद करायचे. भांडं बऱ्याचदा पाण्याच्या पातळीच्या खाली असतं. सीकॉक उघडा राहिला आणि आतला व्हॉल्व्ह दगा देऊन गेला, तर भांडं भरून वाहतं आणि मग बोट भरते. असं होऊन बोटी बुडाल्यात.

गळतीचं दुखणं जागेवरून कळतं. दांड्याच्या मुळाशी पाणी झिरपत असेल तर वरचं सील गेलं. पंपाच्या बुडाशी ओल असेल तर गॅस्केट. उपसलेलं पाणी गुपचूप भांड्यात परत येत असेल तर बाहेरच्या तोंडाचा रबरी व्हॉल्व्ह. बदकाच्या चोचीसारखी चीर असते त्याला. रबर कडक झालं किंवा चिरेत क्षार बसला की ती मिटत नाही.

हा क्षार म्हणजे खरा मुरलेला गडी. लघवी आणि समुद्राचं पाणी एकत्र आलं की पाइपाच्या आत पांढरट थर चढत जातो, भोक आवळत जातं. व्हिनेगरने तो हळूहळू सुटतो. आम्ही पाइप काढून जेट्टीवर आपटला. पहिल्या फटक्याला काही नाही, दुसऱ्याला खपल्या भराभर बाहेर. वासाचं वर्णन करत नाही. दिवाळे कोळीवाड्यातल्या एका काकांनी लांबूनच नाक दाबलं. "आमच्या होडीला हे दुखणंच नाय," म्हणाले. खरंच आहे. लहान मासेमारी होडीवर संडासच नसतो.

दुरुस्ती की नवा पंप, यावर मात्र आमची जुंपली. मित्र म्हणे, सील-गॅस्केटचा किट आणू, नव्या पंपाचे पैसे कशाला? मी पंपाच्या सिलिंडरच्या आतून हाताचं बोट फिरवलं. ओरखडे लागले. अशा सिलिंडरला कितीही नवं सील घाला, पाणी वाट काढणारच. भांडं ठेवलं, पंप बदलला. स्क्रू मात्र त्याने मला लावू दिले नाहीत. प्लास्टिकच्या आट्यांत स्टीलचे स्क्रू कचकचून आवळले की आटे जातात, आणि माझा हात जड, असं त्याचं मत.

एवढं झाल्यावर नवंच सुरू झालं. उपसलेलं जातं कुठे? खाडीत. पलीकडच्या ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असल्याचा मान, मिळालाय. प्रक्रिया न केलेलं सांडपाणी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडायचं नाही, हा मारपोलचा, म्हणजे जहाजांनी समुद्र घाण करू नये म्हणून झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराचा, नियम मोठ्या जहाजांना आहे, आमच्या टिचभर बोटीला नाही. पण ज्याने तो जन्मभर पाळला त्याला आता चैन पडेना. होल्डिंग टँक, म्हणजे घाण बोटीतच साठवायची टाकी, बसवायचा ठरलाय. जागा एकच आहे, पुढच्या बर्थखाली. त्या बर्थवर मी झोपतो. माझं मत अजून कोणी विचारलेलं नाही.