हेड्रियनची भिंत: स्टील रिग ते चेस्टर्स

झालेला टप्पा: उत्तर इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंडमधल्या स्टील रिगच्या पार्किंगपासून पूर्वेला चेस्टर्सच्या रोमन किल्ल्यापर्यंत, साधारण १९ ते २० किमी. दिशा मुद्दाम पश्चिमेकडून पूर्वेकडे ठेवावी. इथे वारा बहुतेक नैऋत्येचा असतो, तो पाठीवर घेतलेला बरा. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल ४३.

अंतर मोजायला जीपीएस लागत नाही. रोमन सम्राट हेड्रियनच्या या भिंतीचं काम इ.स. १२२ मध्ये सुरू झालं तेव्हा दर रोमन मैलाला, म्हणजे १.४८ किमीवर, एक चौकी बांधायची असं ठरलं होतं. या चौक्यांना माइलकॅसल म्हणतात आणि त्यांचे क्रमांक पूर्वेच्या वॉल्सएंडपासून सुरू होतात. ३९ वरून ३७ वर पोचलात की ३ किमी झाले.

सुरुवातीचाच पील क्रॅग या कड्याचा उतार-चढ सगळ्यात त्रासाचा. कातळ डोलेराइटचा, आपल्या काळ्या पत्थराचा जवळचा नातेवाईक, आणि ओला झाला की तसाच निसरडा. पायऱ्यांवर घाई नको. भिंतीच्या माथ्यावरून चालू नका: वरचे दगड हलले की आतल्या भरावात पाणी मुरतं आणि थंडीत त्याचं बर्फ होऊन दगड सुटतात. सिकॅमोर गॅप या खिंडीतलं प्रसिद्ध झाड सप्टेंबर २०२३ मध्ये कापलं गेलं. खोडाला नवे कोंब फुटले आहेत, कुंपणाच्या आत पाऊल टाकू नका.

माइलकॅसल ३७ च्या उत्तर दारापाशी कमानीचे खालचे दगड अजून जागेवर आहेत, ते बघून हाऊसस्टेड्सच्या रोमन किल्ल्यावर या. तिथे लोक धान्यकोठारं बघतात आणि निघतात. आग्नेय कोपऱ्यातलं शौचालय चुकवू नका. ते किल्ल्याच्या सर्वात सखल भागात आहे, कारण पाणी उतारानेच यायचं. शेजारची टाकी दगडी फरशा उभ्या करून बांधलेली, सांधे शिशाने बंद केलेले. गडावरची टाकी पाहिलेल्या माणसाला हे पावसाच्या पाण्याचं गणित लगेच कळेल.

सूइंगशील्ड्सच्या पुढे भिंत गायब होते. १७५० च्या दशकात लष्करी रस्ता बांधताना तिचेच दगड फोडून रस्त्याच्या पायाला वापरले. तोच आजचा बी६३१८. गाड्या वेगात असतात, त्यामुळे पायवाटेनेच जा.

हाऊसस्टेड्सपासून सुमारे ८ किमीवर कॅरॉबर्गचा रोमन किल्ला. या टप्प्यातली सर्वात मोलाची जागा हीच, आणि गाडीने जाणारे बहुतेक जण न थांबता पुढे जातात. किल्ल्याच्या गवताळ उंचवट्याखाली, दलदलीच्या कडेला मिथ्रासचं, म्हणजे रोमन सैनिक पुजत त्या देवाचं, छोटंसं देऊळ आहे. १९४९ च्या कोरड्या उन्हाळ्यात ते उघडं पडलं. मिथ्रास हे नाव इराणी मिथ्र आणि वेदांतल्या मित्र या नावांच्या कुळातलं. तिथल्या तीन वेद्या प्रतिकृती आहेत, मूळ न्यूकॅसलच्या ग्रेट नॉर्थ म्युझियममध्ये. एका वेदीवर देवाच्या मस्तकाभोवतीचे किरण आरपार कोरलेले आहेत: मागच्या कोनाड्यात दिवा ठेवला की अंधारात किरण उजळायचे. पावसानंतर आत पाणी साचतं, तेव्हा पाणी न शिरणारे बूटच हवेत.

पुढे दोनेक किमीवर लाइमस्टोन कॉर्नर. नावात चुनखडी असली तरी दगड डोलेराइटच. भिंतीच्या बाजूचा खंदक इथे अर्धवट सोडलेला आहे. मोठ्या धोंड्याच्या माथ्यावर पाचरी ठोकायला पाडलेल्या खाचा बोटाने चाचपून बघा.

शिदोरी: स्टॉटी. थाळीएवढी चपटी, घट्ट पोताची पाव-भाकरी. पोत घट्ट असल्यामुळे सारण घालून चार तास पिशवीत राहिली तरी लगदा होत नाही. आत पीज पुडिंग, म्हणजे पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून घोटलेली, गार झाल्यावर थापलेल्या पिठल्यासारखी. शाकाहारी लोकांनी विकत घेताना विचारावं, ही डाळ बऱ्याचदा हॅमच्या पाण्यात शिजवतात. घरी करायची तर २५० ग्रॅम डाळ रात्रभर भिजवून कांदा, तमालपत्र घालून मऊ शिजवा, मग लोणी आणि मिरपूड घालून घोटा.

परतीला एडी१२२ बस. हिवाळ्यात फेऱ्या कमी असतात, वेळापत्रक आधी बघा. पुढचा टप्पा स्टील रिगहून पश्चिमेला, विनशील्ड्सच्या ३४५ मीटरच्या माथ्यावर.